संयुक्त विद्यमाने उतरवलेलं विष

लिलावाच्या शेडमध्ये त्या दुपारी मासळी कमी आणि माणसं जास्त होती. बर्फाच्या पेट्यांवर पोरं चढून बसली होती, वजनकाट्याच्या फळीवर एक म्हातारी ठाण मांडून होती, आणि ज्या ओट्यावर रोज मासे ओतून बोली लागायची तो ओटा धुऊन पुसून त्यावर दर्याबाबा उभा होता. पांढरा झगा, खांद्यावर निळी शाल, हातात काचेची मोठी बरणी.

"आणा रे दर्याचं पाणी!"

दोन भक्त धक्क्याच्या पायऱ्यांवरून बादली भरून घेऊन आले. पाणी तांबूस, उकळून टाकून दिलेल्या चहासारखं. त्यात नवल नव्हतं. गेले काही आठवडे किनाऱ्याचं सगळं पाणी तसंच झालं होतं. बाबाने ते फडक्यातून गाळून बरणीत ओतलं आणि शेडभर 'आ' झाला. बरणीतलं पाणी गुलाबी झालं होतं. साधंसुधं नाही, डोळ्यांत भरेल असं गुलाबी.

"हे बघा विष! तुमच्या डोळ्यांना एरवी दिसत नाही. माझ्या भांड्यात आलं की त्याला तोंड लपवायला जागा नाही!"

"अगं बाई, केवढं ते!" काट्यावरची म्हातारी म्हणाली.

"आता शुद्धी. तीन पातळ्यांवर! पहिली स्पर्शाची, दुसरी श्वासाची, तिसरी श्रद्धेची. पहिल्या दोन माझ्याकडे. तिसरी तुमच्याकडे. ती कमी पडली तर मला बोल लावू नका!"

बाबा होण्याआधी हा गृहस्थ दारोदार फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. यंत्रं बंद पडली, कंपनी बुडाली, पण भाषा मुरली ती मुरलीच. तीन पातळ्या तिथल्याच, आणि बिघाड झाला तर चूक वापरणाऱ्याची, हेही तिथलंच.

बाबाने बरणीत बोट बुडवलं. मग टोक फोडलेला एक लांबट शंख पाण्यात घालून तो डोळे मिटून फुंकू लागला. बुडबुडे आले. गुलाबी रंग फिका पडत पडत गेला आणि पाणी नितळ झालं. टाळ्यांनी पत्रे हादरले. बाबाच्या मठातल्या स्वयंपाकिणीने खाली मान घालून उकडलेल्या शिंपल्यांचं ताट पुढे केलं. बाबाने ते पाणी त्यावर शिंपडलं आणि सगळ्यांसमोर एकामागून एक शिंपले फस्त केले. मग बोटं चाटून म्हणाला, "उतरलं! परवाच्या सोहळ्याला आपापल्या टोपल्या घेऊन या. सगळ्यांचं उतरवून देतो."

गर्दीच्या मागे एक बाई प्लॅस्टिकचा टब छातीशी धरून उभी होती. टबात एक खेकडा होता. ती टाळ्या वाजवत नव्हती, आणि हात मोकळे असते तरी वाजवल्या नसत्या. विद्यापीठ आणि सरकारचा किनारा विभाग यांनी मिळून इथे एक सागर विज्ञान केंद्र काढलं होतं. त्यात ती शिक्षिका होती, दर वर्षी नव्याने नेमणूक होणारी. काम म्हणजे शाळाशाळांतून, वाड्यावस्त्यांतून फिरून लोकांना समुद्र समजावून सांगायचा. पोरांनी तिचं नाव खेकडाताई ठेवलं होतं आणि ते तिला आवडायचंही.

तो गुलाबी रंग तिच्या ओळखीचा होता. कितीतरी वर्गांत तिने तो स्वतःच्या हाताने केला होता.

शेजारी तिची मावशी पदराने डोळे टिपत होती. "बघितलंस ना? आणि तू मेली मला घरात बसवून ठेवलंस."

पाणी तांबडं झालं ते एका बारीक जीवामुळे. हा जीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण उबेत आणि शांत पाण्यात असा काही वाढतो की समुद्राचा रंग पालटतो. त्याच्या काही जातींत विष असतं. शिंपला दिवसभर पाणी गाळून त्यातलंच खातो, त्यामुळे ते विष त्याच्या अंगात साठत जातं. त्याला स्वतःला काही होत नाही. खाणाऱ्याला होतं. आधी ओठ बधिर होतात, मग बोटं, आणि साठा जास्त असेल तर छातीचा भाता थांबतो. उकडून ते जात नाही, चवीला कळत नाही, आणि पाण्याचा रंग निवळला तरी शिंपल्यात टिकून राहतं.

शिंपले खाऊ नका, हे लोकांना सांगायला केंद्राने सूचना काढली होती. तिचं पहिलं वाक्य विद्यापीठाने लिहिलं, दुसरं विभागाने, आणि तिसरं दोघांनी मिळून खोडलं. जे उरलं ते केंद्राच्या दारात काचेमागे लागलं: 'सदर परिक्षेत्रातील द्विकपाटी मृदुकाय प्राण्यांचे संकलन व सेवन पुढील आदेशापर्यंत निषिद्ध करण्यात येत आहे.' एका कोळणीने ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "हे मृदुकाय कोण? नवीन साहेब आलेत का?"

मग खेकडाताई स्वतः दारोदार फिरली. लोकांनी ऐकलंही. मावशीसारख्या बायकांनी खडकावर जायचं थांबवलं. तरी जाळी दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याने एका संध्याकाळी घरातले उरलेले शिंपले खाऊन टाकले, आणि थोड्याच वेळात त्याला जीभ उचलेना. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईने त्याच्या तोंडावर रबरी पिशवीचा मुखवटा दाबून धरला आणि यंत्र मिळेपर्यंत स्वतःच्या हाताने त्याच्या छातीत हवा भरत राहिली. विष हळूहळू लघवीवाटे गेलं आणि माणूस उठून बसला. दरम्यान त्याच्या बायकोने मठातून पाणी आणून त्याच्या कपाळाला लावलं होतं. झालं! जाळीवाल्याला बाबाने वाचवलं. डॉक्टरीणबाई? ती काय, तिथे होतीच.

शेडमधून खेकडाताई तडक केंद्रात गेली. तिथे टेबलावर सोहळ्याचा फलक पसरला होता आणि त्याच्या दोन बाजूंना दोन थोर माणसं उभी होती. एक किनारा विभागाचे साहेब, दुसरे विद्यापीठाचे प्राध्यापक, ज्यांना सगळे सर म्हणत. वाद चालला होता तो कुणाचं बोधचिन्ह डावीकडे यावं याचा. फलकावर ठळक अक्षरांत होतं: 'विद्यापीठ व किनारा विभाग यांच्या संयुक्त विद्यमाने सागर जागर.' आणि त्याखाली: 'प्रमुख पाहुणे: दर्याबाबा.'

तिने ते दोनदा वाचलं.

"साहेब, हे काय आहे?"

"प्रमुख पाहुणे आहेत," साहेब म्हणाले. "नाव बरोबर आहे ना? मागच्या खेपेला काना राहिला होता."

"तो जे करतोय तो आपला प्रयोग आहे. आपण भागीदार संस्थांना प्रयोगसाहित्याचा जो खोका वाटला, त्यातला! त्यातल्या बाटलीतले थेंब आणि चिमूटभर सोडा तो बरणीला आतून फासून ठेवतो. पाणी पडलं की गुलाबी. मग त्यात कोणीही फुंकलं तरी रंग जातो. तुम्ही फुंका, मी फुंकते, दारावरचा पहारेकरी फुंकेल. आपल्या श्वासातल्या वायूने पाणी किंचित आंबट होतं, एवढंच. धुरामुळे समुद्र कसा आंबट होतो ते मुलांना दाखवायला तो प्रयोग आहे. शिंपल्यातल्या विषाशी त्याचा काडीचा संबंध नाही."

"मठाला खोका मिळालाय खरा," साहेब म्हणाले. "लोकसहभागाखाली. वापरतायत म्हणजे चांगलंच की. बाकी संस्थांनी तर उघडलासुद्धा नाही."

सर हसले. "प्रयोग नीट जमलाय म्हणायचा त्याला."

खेकडाताईला वाटलं, टब उचलावा आणि खेकड्यासकट यांच्या टेबलावर ओतावा.

"सर, तो लोकांना शिंपले खायला सांगतोय. तुमच्याच प्रयोगशाळेने तपासून सांगितलंय ना, की त्यात माणूस मरेल एवढं विष आहे?"

"सांगितलंय, सांगितलंय. पण इशारा देण्याचा अधिकार विभागाचा."

"आणि तपासणी विद्यापीठाची," साहेब म्हणाले. "आमच्या नावावर ती कशी घेणार? मॅडम, तुम्ही जरा बसा बघू. मागच्या सागर सप्ताहाला किती माणसं होती?"

"तुम्ही, सर, मी आणि एक कुत्रं."

"आणि कुत्रं भाषणाआधी गेलं. वरून मला विचारतात, जनजागृती झाली का? अहो, जनच नाहीत तर जागृती कुणाची करू, खुर्च्यांची? बाबा आले की मैदान भरतं. ते त्यांचं सांगतील, आपण आपलं सांगू."

"विज्ञान एका बाजूला, श्रद्धा एका बाजूला," सर म्हणाले. "आपण तिथे एक चांगलंसं पोस्टर लावू."

"श्वास बंद पडतो सर. पोस्टर वाचायला माणूस उरत नाही."

"आवाज खाली," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षीच्या नेमणुका अजून व्हायच्या आहेत. तुम्ही कोपऱ्यात खेकडा घेऊन बसा. मुलांना आवडतो."

घरी आली तर मावशी ओट्यापाशी पाय पसरून बसली होती आणि पुढ्यात शिंपल्यांची टोपली. ओले, काळे, खडकाच्या कपच्या चिकटलेले. ओहोटी बघून ती जाऊन आली होती.

खेकडाताईची आई ती लहान असतानाच गेली होती. तिला वाढवलं या मावशीने, ते याच शिंपल्यांवर. पाठ वाकेपर्यंत खडकावर बसायचं, लोखंडी पट्टीने शिंपला सुटा करायचा, बाजारात विकायचा आणि उरलेला घरात शिजवायचा.

"मावशी, टाकून दे ते."

"हो, टाकते. आणि मग खडकही टाकून देते. समुद्रही टाकू या का, तुझ्या साहेबांना विचारून?"

"चेष्टा नको. तो रंग म्हणजे फसवणूक आहे. मी दाखवते तुला, स्वयंपाकघरातच दाखवते."

"दाखव की. तू सगळं दाखवशील. तुझ्याकडे दाखवायला खूप आहे. पण त्याने खाल्ले! माझ्या डोळ्यांसमोर ताट रिकामं केलं. तू एक तरी खाल्लास?"

रंगाचं कोडं खेकडाताईला सुटलं होतं, ताटाचं सुटलं नव्हतं. तो खातो आणि त्याला काही होत नाही, हे तिनेही पाहिलं होतं. शहाणपणाने विचार केला तर एकच शक्यता उरत होती, पण ती हातात धरून दाखवता येत नव्हती.

"ते शिंपले इथले नसणार."

"नसणार!" मावशी टोपलीवर फडकं टाकत म्हणाली. "म्हणजे तुलाही ठाऊक नाही. ऐक गं पोरी. ह्या खडकांनी तुला मोठी केली, शिकवली. त्यांना तू चार माणसांत विषारी म्हणतेस ना, तेव्हा मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं होतं. बाबा म्हणतो, खडकाचा दोष नाही, नजर लागलीय, उतरवता येईल. मला ते ऐकायला बरं वाटतं. परवा मी तिथे, सगळ्यांसमोर, पहिला घास घेणार आहे."

"आणि तुला काही झालं तर?"

"तर तू खरी ठरशील. आनंदच आहे तुला."

मावशी गाढ झोपेल आणि आपण टोपली उचलून फेकू, असंही खेकडाताईच्या मनात आलं. पण मावशी पुन्हा खडकावर जाणार, आणि गावातल्या बाकी टोपल्या? त्या कोण फेकणार?

सोहळ्याला मैदान भरलं, साहेबांचं म्हणणं खोटं ठरलं नाही. मंडपावर तो फलक झळकत होता आणि वाद मिटवायला दोन्ही बोधचिन्हं मधोमध एकमेकांवर चढवली होती. बायका फडकी बांधलेल्या टोपल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घरूनच उकडून आणलेले शिंपले, पाणी शिंपडलं की जागेवर खायचे. पहिल्या रांगेत मावशी होती.

बाबाने तोच खेळ केला. तेच गुलाबी, तोच शंख, त्याच तीन पातळ्या. या खेपेला मात्र मागे सरकारचा फलक होता आणि शेजारी साहेब हात जोडून उभे होते. खेकडाताई कोपऱ्यातून बघत होती. आता भोंदू एकटा राहिला नव्हता, त्याला शिक्का मिळाला होता. उद्या कुणी मेलं तर तेही संयुक्त विद्यमानेच मरणार होतं.

स्वयंपाकिणीने ताट आणलं, बाबाने ते रिकामं केलं. साहेब ध्वनिक्षेपकापाशी आले. "विज्ञान आणि अध्यात्म यांचा हा संगम—"

एवढ्यात खेकडाताई मंचावर चढली. हातात खेकडा नव्हता. तिची रोजची काचेची बरणी होती आणि कागदी नळ्या होत्या.

"मॅडम, मुलांचा कार्यक्रम नंतर आहे," साहेब कुजबुजले.

"मुलांचा नाही साहेब, तुमचाच आहे. प्रमुख पाहुण्यांनंतर मान तुमचा." आणि ती गर्दीकडे वळली. "साहेबांनीही विष उतरवावं असं कुणाकुणाला वाटतं?"

टाळ्या पडल्या. गर्दीच्या टाळ्या साहेबांना नव्या होत्या. त्यांचा चेहरा खुलला. खेकडाताईने बादलीतलं पाणी गाळून बरणीत ओतलं, ते गुलाबी झालं, आणि तिने नळी त्यांच्या हाती दिली. नाही म्हणायला जागाच राहिली नाही. साहेब गाल फुगवून फुंकू लागले. हळूहळू रंग गेला.

"साहेबही सिद्ध झाले की हो!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

"आता कोण? आजी, तुम्ही या." तिने पाणी पुन्हा गुलाबी केलं. काट्यावरची म्हातारी आली आणि दोनदा खोकून तिसऱ्यांदा फुंकू लागली. पाणी नितळ! "माझ्या अंगात कसलं तेज?" म्हातारी म्हणाली. "माझ्या अंगात दमा आहे!"

हसू आटोपेपर्यंत खेकडाताईने बरणी, थेंब, सोडा सगळं उलगडून सांगितलं. ही औषधाची बाटली केंद्रानेच मठाला दिली, हेही सांगितलं. साहेबांनी ध्वनिक्षेपक काढून घ्यायला हात पुढे केला. तिने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की हात परत गेला.

बाबा मात्र कच्चा नव्हता. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की काय बोलायचं ते त्याला जुन्या धंद्यापासून पाठ होतं. तो मंद हसला.

"बरोबर बोलली पोर. रंग हा माझा खेळच होता. तुमच्यासारख्या भोळ्यांना कळावं म्हणून. विष का डोळ्यांनी दिसतं? पण उतरलं ते खरं. नाहीतर मी खाऊन उभा कसा?"

गर्दीत पुन्हा माना हलल्या. खेकडाताईला जाणवलं, हातात आलेलं सगळं निसटतंय.

"मग इथल्या टोपलीतला एक खा," ती म्हणाली. "तुमच्या ताटातला नको. या बायकांपैकी कुणाच्याही टोपलीतला. पाणी शिंपडा आणि खा."

"माझं भोजन झालं. दिवसाला एकदाच."

"एक शिंपला, बाबा! एक! याला भोजन म्हणतात?"

"परीक्षा घेणाऱ्याच्या हातून मी खात नाही."

"माझ्या हातून नको. पहिल्या रांगेत माझी मावशी बसलीय. तिची श्रद्धा तुम्ही म्हणाल तेवढी आहे. तिच्या हातून घ्या."

बाबाच्या आधी मावशीच उठली. रागाने तिचा चेहरा लाल झाला होता, आणि तो राग बाबावर नव्हता.

"साधुपुरुषाला बाजारात उभं केल्यासारखं बोलतेस? लाज नाही वाटत? त्याने कशाला खायचं? माझे शिंपले आहेत, मी खाते!"

तिने मंचाच्या कडेला ठेवलेल्या बाबाच्या बरणीतलं पाणी चुळकाभर घेऊन टोपलीवर मारलं, एक शिंपला उघडला आणि आतलं मांस चिमटीत धरलं. खेकडाताईने मंचावरून उडी मारून तिचं मनगट पकडलं.

"सोड!"

"नाही सोडणार."

मावशीने दुसऱ्या हाताने तिच्या खांद्यावर असा रट्टा मारला की ती कळवळली, पण हात सुटला नाही. मागच्या रांगांतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांचेही हात फडक्यांवर होते. मावशीने खाल्लं की त्या खाणार होत्या.

खेकडाताईने मान वर करून बाबाकडे पाहिलं. "सांगा तिला! खाऊ दे का? तुम्ही नुसतं हो किंवा नाही म्हणा. तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकणार नाही. म्हणा ना!"

बाबा बघत होता. त्याच्या ओठांना कोरड पडली होती, ते इथूनही दिसत होतं. त्याला माहीत होतं. 'नको' हा एक शब्द त्याच्याकडे होता, आणि तो शब्द उच्चारला की मठ गेला. तो त्याने गिळला. डोळे मिटून घेतले आणि हात आशीर्वादासाठी वर केला.

मावशीने जोर करून मनगट तोंडाकडे ओढलं.

"खाऊ नको गं बाई! फेक ते!"

किंचाळली ती स्वयंपाकीण. ताट तिच्या हातातून खणखणत खाली पडलं. "आमचे शिंपले इथले नाहीत! पल्याडच्या बंदरातून बर्फात घालून येतात. तिकडचं पाणी चांगलं आहे. इथला एकही मठात शिजवायचा नाही, घराजवळसुद्धा आणायचा नाही, असं ह्यांनीच मला बजावलंय. मला वाटलं, लोक नुसतं बघतील आणि घरी जातील. बाई, तू खरंच खायला निघालीस!"

"ही बाई भ्रमिष्ट आहे," बाबा म्हणाला. "दर्याची माया अशी—"

"गप रे!" हा आवाज जाळीवाल्याचा होता. तो अजून काठी धरून चालत होता. बायको त्याचा सदरा ओढत होती, पण तो थांबला नाही. "मला वाचवलं म्हणून सांगत फिरतोस ना? मी मेलो नव्हतो त्या दिवशी. मला सगळं ऐकू येत होतं. फक्त बोट हलत नव्हतं आणि छाती हलत नव्हती. जिवंतपणी पुरल्यासारखं. तेव्हा ती डॉक्टरीण माझ्या तोंडावर पिशवी दाबत होती आणि मला सांगत होती, घाबरू नका, मी सोडणार नाही. हात दुखून ती रडत होती, ते मी ऐकलंय. तुझं पाणी कपाळावर पडलं ते डोळ्यांत गेलं. मला पुसतासुद्धा आलं नाही. तेवढाच तुझा चमत्कार!"

मग जे व्हायचं ते झालं. कुणी शिव्या दिल्या, कुणी मंचाकडे धावलं, दोघंतिघं भक्त अजूनही बाबाभोवती हात पसरून उभे होते. बाबा मागच्या बाजूने गाडीत बसला. गाडी अडवायला गेलेल्यांना खेकडाताईनेच मागे बोलावलं. पोलिसांत तक्रार द्या, त्याला हात लावू नका, म्हणाली. सर फलकाकडे बोट दाखवून कुणाला तरी सांगत होते, "आधी तो उतरवा, फोटो निघतील." फलक घाईत सोडताना फाटला आणि दोन्ही बोधचिन्हं एकाच तुकड्यावर राहिली.

मावशी मातीत बसली होती. शिंपला कधीच हातातून पडला होता, पण चिमटी तशीच होती, मिटलेली. खेकडाताई तिच्याजवळ बसली.

"तो बघत होता गं," मावशी म्हणाली. "मी तोंडापर्यंत नेलं आणि तो नुसता बघत होता."

खेकडाताईला तिला जवळ घ्यायचं होतं. पण डोळ्यांसमोर मांड्यांवर ठेवलेल्या टोपल्या दिसत होत्या. अजून कितीतरी जणींनी त्या घट्ट धरल्या होत्या. ती उठली, मंचावर गेली.

"टोपल्या इथेच रिकाम्या करा. आपण खड्डा करून पुरू. कोंबडी-कुत्र्यांनाही घालू नका. इथले शिंपले खाऊ नका, मी सांगेपर्यंत नाही, तर तपासणीत विष नाही असं येईपर्यंत. उकडून ते जात नाही. मंत्राने जात नाही. ओठ बधिर झाले तर मठात नाही, दवाखान्यात पळा. तपासणीत काय निघालं ते दर वेळी लिलावाच्या शेडच्या भिंतीवर मी आपल्या बोलण्याच्या भाषेत लिहीन. साहेब, सर, तुम्ही दोघांनी हे आधी केलं असतं तर आज या बाईने तो घास तोंडापाशी नेला नसता. बाबाने फसवलं हे खरं. पण त्याला मंच तुम्ही दिला, औषध तुम्ही दिलं, आणि लोकांना कळेल असं एक वाक्य तेवढं दिलं नाही."

साहेब चपलांकडे बघत राहिले. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आणि तुम्ही," ती लोकांना म्हणाली. "देव माना, नका मानू, ते तुमचं तुम्ही बघा. पण कुणी म्हणालं की हे सुरक्षित आहे, याने बरं होतं, तर एवढंच विचारा: कशावरून? कुणी तपासलं? कुठल्या टोपलीतलं? माझ्यासमोर, माझ्याच टोपलीतलं पुन्हा करून दाखवशील का? मलाही विचारा. साहेबांना विचारा, सरांना विचारा, डॉक्टरांना विचारा. ज्याच्याकडे उत्तर आहे तो उत्तर देईल. ज्याला ठाऊक नाही तो ठाऊक नाही म्हणेल, त्यातही लाज नाही. आणि जो ह्या प्रश्नावर चिडेल, त्याच्या हातचं काही खाऊ नका."